दिवा कोणाकडे बघून लागतो?

आमच्या हापिसातले दिवे आठवड्यातून दोनदा तरी मला मेलेला समजतात.

म्हणजे असं, की रिलीजच्या दिवसांत रात्री साडेनऊनंतर मजल्यावर मी एकटाच उरतो. एखाद्या बगच्या मागे लागून दहा मिनिटं जागचा हललो नाही, की अख्खा मजला अंधारात. मग दोन्ही हात वर करून बस थांबवल्यासारखे हलवायचे, की दिवे परत. समोरच्या टॉवरमधून कोणी बघत असेल तर त्याला नक्की वाटत असणार, की या पोराला आता रजेची गरज आहे. :)

छतातल्या त्या पांढऱ्या टिकलीला पीआयआर सेन्सर म्हणतात. आपल्या अंगाच्या उष्णतेतून जे अवरक्त किरण निघतात ते हा टिपतो. पण त्याच्या आत दोन भाग असतात, आणि त्या दोघांच्या मोजमापात फरक पडला तरच तो 'माणूस आहे' असं म्हणतो. हलणारा माणूस आधी एका भागाला दिसतो, मग दुसऱ्याला. बसून राहिलेला माणूस दोघांनाही सारखाच, म्हणजे त्याच्या लेखी नाहीच. थोडक्यात, याला माणूस कळत नाही, फक्त हालचाल कळते.

आता गंमत बघा. नेमका हाच सेन्सर मी गेल्या गणपतीत प्रभादेवीतल्या आमच्या गल्लीच्या मंडळात वापरला आणि साफ तोंडावर आपटलो. त्या आपटण्यातून एक प्रश्न डोक्यात शिरला, की दिवा नक्की कोणाकडे बघून लागतो? तो शोधता शोधता दीडशे वर्षं मागे गेलो. सापडलं ते असं.

आधी माझी फजिती. कल्पना साधी होती. गल्लीच्या तोंडाशी एक कमान, कमानीला पिक्सेल एलईडीच्या पट्ट्या, खाली सहा सेन्सर. माणूस कमानीखालून जसजसा पुढे सरकेल तसतसा प्रकाशही त्याच्या सोबत सरकेल. पिक्सेल एलईडी म्हणजे ज्यातल्या प्रत्येक दिव्याला वेगळा रंग सांगता येतो. प्रत्येकाला २४ बिट लागतात आणि एका बिटाला सव्वा मायक्रोसेकंद. म्हणजे ३०० दिव्यांपर्यंत नवा हुकूम पोचायला ९ मिलिसेकंद. डोळ्याला कळणारही नाही इतकं झटपट. वीज मात्र खातात: एकेक दिवा पूर्ण पांढरा लावला तर ६० मिलिअँपिअर, म्हणजे ३०० दिव्यांचे १८ अँपिअर, तेही ५ व्होल्टला. पट्टीच्या एकाच टोकाला सप्लाय दिला तर दुसऱ्या टोकाचा पांढरा रंग पिवळट-लालसर होतो. म्हणून दोन्ही टोकांना तारा न्याव्या लागतात. हे सगळं मी नीट केलं होतं. घरच्या हॉलमध्ये आईला दहा वेळा चालायला लावून टेस्टही केली होती.

पहिल्या दिवशी संध्याकाळी गर्दी झाली आणि सहाच्या सहा सेन्सर एकदम 'माणूस आहे, माणूस आहे' म्हणून ओरडायला लागले. ते रात्री दीडपर्यंत ओरडतच होते. कमान अखंड पेटलेली. येणारे लोक म्हणाले, "लायटिंग छान केलंय हां." आपल्यामुळे काही लागतंय हे एकालाही कळलं नाही. दोन महिन्यांचे विकांत घालवून मी एक महागडी ट्यूबलाइट बनवली होती.

असो. आता मागे जाऊ.

७ ऑक्टोबर १८६५ रोजी मुंबईच्या रस्त्यांवर पहिल्यांदा गॅसचे दिवे लागले. भेंडी बाजार, एस्प्लनेड रोड, चर्चगेट स्ट्रीट हा तो भाग. हे दिवे संध्याकाळी माणूस येऊन एकेक करून लावायचा. आणि पहिल्या दिवशी काय झालं, तर तो एका खांबाकडून दुसऱ्या खांबाकडे निघाला की बघ्यांचा घोळका त्याच्या मागे. मला हे फार आवडलं. लागलेला दिवा काय, उभं राहूनही बघता येतो. लोक मागे चालत होते ते दिवा लागताना बघायला. प्रकाश सरकतोय आणि माणसं त्याच्या सोबत सरकतायत. मी जे कमानीत करायला गेलो त्याचं उलटं, आणि ते पहिल्याच प्रयोगात जमलेलं!

त्यानंतर वीज आली. १८८२ साली क्रॉफर्ड मार्केटात विजेचे दिवे लागले, पण ती कंपनी फार टिकली नाही. शहराला रीतसर वीज देणारी कंपनी १९०५ सालची, जिची पुढे बेस्ट झाली. पण आमच्या भागाच्या दृष्टीने खरी गोष्ट रस्त्यावर घडली नाही. ती गिरणीत घडली.

१८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळला गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि मागण्यांचा अर्ज तयार केला. त्यावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. आठवड्याला एक सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती वगैरे मागण्या आपल्याला शाळेतून थोड्याफार माहीत असतात. पण त्यात एक मागणी कामाच्या वेळेची होती: सकाळी साडेसहा ते सूर्यास्त. घड्याळातली वेळ नव्हे, सूर्यास्त! कारण तेव्हा गिरणी चालायची ती मुख्यतः उजेडावर. दिसेनासं झालं की सुटी. म्हणजे सूर्य हाच मेन स्विच, आणि तो मालकाच्या हातात नव्हता.

विजेच्या दिव्यांनी तो स्विच मालकाच्या हातात दिला. १९०५ च्या सुमारास ज्या गिरण्यांत दिवे आले होते तिथे कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांपर्यंत ताणला गेला. टाइम्स ऑफ इंडियाने त्यावर लेख छापून गदारोळ केला. (त्यात मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांचाही स्वार्थ होता, त्यांना मुंबईचं स्वस्त कापड नको होतं. पण म्हणून पंधरा तास खोटे ठरत नाहीत.) चौकशीला समिती बसली, मग आयोग बसला, आणि १९११ च्या फॅक्टरी कायद्याने कापड गिरण्यांतल्या प्रौढ पुरुषांनाही दिवसाला १२ तासांची मर्यादा आली. एका दिव्यामुळे माणसाचा दिवस इतका लांबला, की तो आखडायला कायदा करावा लागला.

हे वाचलं तेव्हा मला आमच्या हापिसातली ती पांढरी टिकली आठवली. एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या (२०१८ पासून प्रभादेवी) बाहेर पडलं की जे काचेचे टॉवर दिसतात, त्यातले दोन मोठे ज्युपिटर आणि एल्फिन्स्टन या गिरण्यांच्या जमिनीवर उभे आहेत. त्या जमिनी २००५ साली विकल्या गेल्या. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले होते, त्यातले किती परत कामावर गेले हे इथल्या प्रत्येक चाळीला माहीत आहे. आज त्याच जमिनीवर रात्री दिवे लागतात ते आपल्यासारख्यांच्या हालचालीवर. आपण हललो तर उजेड. सूर्यास्ताची मागणी करायचं आपल्या तर डोक्यातही येत नाही.

पण याच गिरणगावात प्रकाशाची दुसरी एक परंपरा आहे, आणि ती मला आप्पांनी दाखवली.

आप्पा आमच्या चाळीतले. वय सत्तरीच्या पुढे. संपापर्यंत गिरणीत साच्यावर होते, नंतर वायरमनची कामं केली, आणि मंडळाचं लायटिंग कित्येक वर्षं त्यांच्याकडे. माझी कमान फसली त्या रात्री ते खुर्ची टाकून शांतपणे बघत बसले होते. मी बाजूला जाऊन बसलो तर म्हणाले, "उद्या सकाळी घरी ये. एक वस्तू दाखवतो."

वस्तू म्हणजे पोळपाट-लाटण्यातल्या लाटण्याचा थोरला भाऊ. हातभर लांब लाकडी रूळ, त्यावर तांब्याच्या पत्र्याचे तुकडे खिळ्यांनी ठोकलेले, काही लांब, काही आखूड, काही तिरक्या ओळीत. रूळ एका जुन्या पंख्याच्या मोटरवर पट्ट्याने फिरायचा. वरून पितळी पात्या टेकलेल्या, प्रत्येक पातीला एक माळ. पातीखाली तांबं आलं की ती माळ लागणार, लाकूड आलं की विझणार. तीन माळांचे दिवे एकाआड एक लावले आणि तुकडे तिरक्या ओळीत ठोकले, की प्रकाश पळताना दिसतो. पळत काहीच नसतं, आपल्याच जागी प्रत्येक दिवा लागतो आणि विझतो.

"हे सुचलं कुठून?" मी विचारलं.

"साच्यावर डॉबी होती ना," आप्पा म्हणाले. "साडीचा काठ विणायला. लाकडी पट्ट्यांची साखळी, पट्टीला भोकं. भोकात खुंटी असली की धाग्यांची ती चौकट वर, नसली की खाली. आम्ही रोज बघायचो. म्हटलं धाग्याऐवजी बत्ती लावू."

मी थोडा वेळ गप्पच झालो. खुंटी आहे किंवा नाही: एक किंवा शून्य. साखळी म्हणजे प्रोग्रॅम, मोटर म्हणजे क्लॉक. १८०४ सालच्या जॅकार्डच्या सच्छिद्र कार्डांची गोष्ट आपण कॉम्प्युटरच्या इतिहासात पहिल्या धड्याला वाचतो. आणि इथे माझ्या चाळीत, माझ्या जन्माच्या आधी, एक माणूस साच्यावरचा तो प्रोग्रॅम उचलून गणपतीच्या कमानीवर पोर्ट करून मोकळा झाला होता.

यात आप्पा एकटे नव्हते. फिरत्या रुळावरची अशी रोषणाई देशभर होत होती. बंगालमध्ये हुगळीकाठचं चंदननगर तर जगद्धात्री पूजेच्या रोषणाईसाठीच ओळखलं जातं. पुढे रूळ जाऊन इलेक्ट्रॉनिक चेसर आले. १९७२ साली बाजारात आलेली ५५५ ही चिप ठोके देणार, ४०१७ ही चिप ते ठोके मोजत दहा तारांपैकी एकेक तार पुढे चालू करत जाणार. लॅमिंग्टन रोडवरून चिप आणायच्या, लोहार चाळीतून होल्डर आणि वायर, आणि झिरोचे बल्ब शेकड्याने. (त्या 'झिरो'च्या बल्बला खरी वीज १२ ते १५ वॉट लागायची, हे मंडळाच्या खजिनदाराला बिल आल्यावर कळायचं.)

लालबाग-परळची मोठी मंडळं याच काळातली आणि याच लोकांची. चिंचपोकळीचा चिंतामणी १९२० चा, गणेश गल्ली १९२८ ची, लालबागचा राजा १९३४ चा. दिवसा आणि रात्रपाळीला ज्या विजेने माणसाला साच्याशी बांधून ठेवलं, तीच वीज हे लोक दहा दिवस आपल्या गल्लीत आणून आपल्या मर्जीने उधळत होते. मला तरी रोषणाईचा अर्थ आता असाच लागतो.

मी म्हटलं, "आप्पा, पण तुमचा रूळ लोकांकडे बघत नव्हता. माझं लोकांकडे बघणारं आहे."

आप्पा हसले. "रूळ नाही बघत. मी बघायचो की! देखाव्याच्या वेळी कॅसेट लावली की स्विचबोर्डावर मी. पुढे लहान मुलं असली की राक्षसाच्या डोळ्यातला लाल दिवा जरा लवकर लावायचो. म्हातारी माणसं असली की मूर्तीवरचा दिवा जरा जास्त वेळ ठेवायचो. तुझं ते यंत्र गर्दी बघतं रे. गर्दीला काय दाखवायचं? दाखवायचं ते एकेकाला."

हे ऐकून मला रवींद्र नाट्य मंदिर आठवलं, घरापासून दहा मिनिटांवर. नाटकाच्या लाइट्सवाल्याकडे क्यू लिहिलेले असतात, पण नट एखाद्या दिवशी अर्धा श्वास जास्त थांबला तर तोही थांबतो. १९८६ साली ठरलेल्या डीएमएक्स पद्धतीने आज एका केबलवरून ५१२ चॅनेल चालवता येतात. पण कधी थांबायचं हे त्या ५१२ मधल्या एकाही चॅनेलमध्ये नसतं.

मग मी घरी येऊन माझ्या 'इंटरॅक्टिव्ह' प्रकाराचा इतिहास उघडला. १९६८ साली रॉबर्ट रॉशेनबर्ग या अमेरिकन चित्रकाराने इंजिनिअरांना सोबत घेऊन 'साउंडिंग्ज' नावाची भलीमोठी कलाकृती केली. समोर आरशासारखी काच, त्यात फक्त आपलं प्रतिबिंब. बोललात, टाळी वाजवलीत, की आतले दिवे लागणार आणि काचेमागच्या खुर्च्यांची चित्रं दिसणार. गप्प राहिलात तर अंधार. पुढच्याच वर्षी विस्कॉन्सिन विद्यापीठात 'ग्लोफ्लो' झालं. अंधारी खोली, भिंतींवर चमकणाऱ्या नळ्या, जमिनीखाली पायाचा दाब ओळखणारे सेन्सर, आणि मागे कॉम्प्युटर. त्यात मायरन क्रूगर होता. पण तिथे प्रतिसाद मुद्दाम उशिरा द्यायचे, वातावरण शांत राहावं म्हणून. परिणाम असा, की आपल्या पावलांमुळे काही घडतंय हे बऱ्याच लोकांना कळलंच नाही. क्रूगरने त्यातून धडा घेतला: माणसाला कळलं पाहिजे की हे माझ्यामुळे झालं. ५५ वर्षांनी तोच धडा मी स्वतःच्या पैशाने पुन्हा शिकलो.

आणि कमाल म्हणजे हा धडाही घराजवळच होता. वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र १९८५ साली ११ नोव्हेंबरला पूर्णपणे सुरू झालं, पण त्याची सुरुवात १९७७ सालच्या प्रकाश आणि दृष्टी या विषयावरच्या प्रदर्शनाने झाली. शाळेच्या सहलीत आम्ही तिथे काय केलं, तर दिसेल ते बटण दाबलं. बाई ओरडत होत्या, "अरे वाचा आधी!" कोण वाचतंय? मी दाबलं आणि लागलं, एवढंच पाहिजे होतं.

तर मग कमानीचं काय केलं? सेन्सर सगळे काढले. कमानीखाली दोन पितळी घंटा टांगल्या, एक नेहमीच्या उंचीवर, एक खाली, मुलांचा हात पोचेल अशी. (खालच्या घंटेचा आग्रह आप्पांचा.) प्रत्येक घंटेच्या मानेला पीझोची एक चकती चिकटवली. तिला धक्का बसला की ती किंचित व्होल्टेज देते. घंटा वाजली की तिथून प्रकाशाची लाट उठणार आणि कमानीभर पसरणार. जोरात वाजवली तर मोठी लाट, हळू वाजवली तर छोटी. घंटा वाजवायला पाटी लावावी लागत नाही, हे आपल्याकडे रांगत्या पोरालाही माहीत असतं.

एक अडचण आली. घंटा वाजल्यावर बराच वेळ थरथरत राहते, म्हणून एका टोल्याला दहा लाटा उठायला लागल्या. पहिल्यांदा मी पाच सेकंद पुढचं काही ऐकूच नको असं कोडमध्ये टाकलं. तर एक मुलगी आली, घंटा वाजवली, लाट आली. लगेच तिच्या भावाने वाजवली, काहीच नाही. त्याचा चेहरा बघून मी मांडवामागेच लॅपटॉप उघडला आणि पाच सेकंदांचे दोनशे मिलिसेकंद केले, सोबत धक्क्याची मर्यादा वाढवली. हा बदल कुठल्या मीटरने मला सुचवला नाही. तिथे उभं राहून बघत होतो म्हणून कळलं.

त्या रात्री गर्दी तेवढीच होती. लाट उठली की ज्याने घंटा वाजवली तो वर बघायचा आणि बाकीचे त्याच्याकडे. दहाव्या दिवसापर्यंत खालच्या घंटेपुढे मुलांची वेगळी रांग लागायला लागली, आणि कार्यकर्ते वैतागले.

हापिसातल्या दिव्यांबद्दल मी फॅसिलिटीवाल्यांना विचारलं. दहा मिनिटांची तीस मिनिटं करता येतील म्हणाले, सेटिंगच आहे. मी जरा विचार केला आणि म्हटलं, नको, दहाच राहू दे. आता रात्री अंधार झाला की पहिल्यांदा हात हलवतो. दुसऱ्यांदा झाला की सूर्यास्त झाला असं समजून लॅपटॉप बंद करतो. लोखंड्यांच्या त्या अर्जापेक्षा तीन-चार तास उशीरच होतो, पण सुरुवात आहे.

यंदा आप्पांचा रूळ दुरुस्त करून कमानीवर चढवायचा बेत आहे, घंटांच्या शेजारी. मोटर जळलीये. कोणाकडे जुन्या टेबलफॅनची चालू मोटर असेल तर ठेवा बाजूला, मी येऊन घेऊन जाईन.